परतीची वाट

लिनक्सच्या नव्याकोऱ्या यंत्रावर ‘आयपी रूल शो’ अशी आज्ञा दिली की पडद्यावर तीनच ओळी उमटतात. पहिलीच्या आरंभी शून्य, दुसरीच्या ३२७६६, तिसरीच्या ३२७६७. आणि त्या आकड्यांपुढे अनुक्रमे लोकल, मेन व डिफॉल्ट या तीन टेबलांची नावे. एवढाच ऐवज. दोन कंपन्यांकडून इंटरनेटच्या दोन लाइन घेऊन त्या एकाच राउटरवर जोडणारा माणूस या ओळींवरून भरभर पुढे सरकतो, कारण त्याला स्वतःचे नियम लिहिण्याची घाई असते. मग दुसऱ्या लाइनवरून कुणी साद घातली तर ती आत पोहोचते, पण उत्तर बाहेर पडत नाही; किंवा उत्तर बाहेर पडते आणि वाटेत कुठे नाहीसे होते ते कळत नाही. आपण मात्र आधी इथेच रेंगाळू या, कारण पुढे जे काही बिघडणार आहे त्याचे बीज आणि त्यावरचे औषध ही दोन्ही या तीन ओळींतच दडलेली आहेत.

राउटिंगच्या जुन्या रीतीत कर्नल पॅकेटला एकच प्रश्न विचारी: कुठे निघालात? गंतव्याचा पत्ता पाहायचा, टेबलातली त्याच्याशी सर्वांत लांबवर जुळणारी नोंद शोधायची आणि त्या दाराने पॅकेट सोडून द्यायचे. जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या २.२ या कर्नलबरोबर अलेक्सेई कुझनेत्सोव यांचे काम लोकांच्या हाती पडले आणि प्रश्नांची संख्या वाढली. आता कर्नल विचारतो, कोणत्या पत्त्यावरून आलात, कोणत्या इंटरफेसने आत शिरलात, अंगावर कोणता मार्क आहे. आणि उत्तर पाहून ठरवतो की तुमच्यासाठी कोणते टेबल उघडायचे. शून्य क्रमांकाचा नियम यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यांसाठी आहे, तो सर्वांत आधी. डिफॉल्ट नावाचे टेबल बहुधा रिकामेच असते, ते सर्वांत शेवटी. आणि शून्य व ३२७६६ यांच्यामध्ये जी विस्तीर्ण मोकळी जागा सोडली आहे, ती आपल्यासाठी. रचनाकाराने आपल्या कलाकृतीच्या मधोमध इतके मोठे अंगण मोकळे ठेवावे आणि म्हणावे, इथे तुम्ही लिहा, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

त्या अंगणातली एक बारीक गंमत सहज नजरेतून निसटते. आपण क्रमांक न देता नियम घातला तर कर्नल त्याला ३२७६५ देतो; त्यानंतरच्याला ३२७६४. म्हणजे नंतर लिहिलेला नियम आधी वाचला जातो. वरून खाली लिहीत गेलेल्या माणसाची सारी संहिता अशा वेळी खालून वर वाचली जाते, आणि जो नियम अपवाद म्हणून शेवटी जोडला तोच सर्वांच्या आधी येऊन बसतो. कधी हे आपल्या फायद्याचे ठरते, कधी नाही. म्हणून जाणकार मंडळी क्रमांक स्वतः देतात, शंभर, दोनशे, तीनशे असे अंतर राखून. नंतर मध्ये काही घालायचे झाले तर जागा असावी.

आता या रचनेतल्या सर्वांत देखण्या तपशिलाकडे वळू. नियमाने सांगितलेल्या टेबलात वाट सापडली नाही तर काय होते? काहीच बिघडत नाही. कर्नल ते टेबल मिटतो आणि पुढच्या क्रमांकाच्या नियमाकडे जातो. तहसील कचेरीत एका खिडकीवर काम झाले नाही की माणूस निमूटपणे पुढच्या खिडकीपाशी उभा राहतो, तसेच. फरक इतकाच की इथे प्रत्येक खिडकीवरचा नकार क्षणार्धात मिळतो. या उदारपणामुळेच आपले टेबल अपुरे असले तरी चालते. पण हाच उदारपणा फसवतोही. दुसऱ्या लाइनच्या टेबलातला डिफॉल्ट राउट काही कारणाने उडाला तर यंत्र तक्रार करत नाही. पॅकेट शांतपणे खाली घसरते, मेन टेबलात पोहोचते आणि पहिल्या लाइनने बाहेर पडते. आपण समजतो दुसरी लाइन उत्तम चालली आहे. जिथे अशी गळती मुळीच नको असेल, तिथे त्या टेबलाच्या तळाशी मोठ्या मेट्रिकचा एक ‘अनरीचेबल डिफॉल्ट’ घालून ठेवतात: इथे वाट संपली, आता खाली जायचे नाही.

याच्या नेमका उलट दोष म्हणजे वाट फार लवकर सापडणे. समजा आतल्या जाळ्याचे पत्ते १९२.१६८.१०.० पासूनचे आहेत, शेजारी १९२.१६८.२० चे आणखी एक जाळे आहे, आणि आपण नियम लिहिला की पहिल्या जाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी दुसऱ्या लाइनचे टेबल उघडावे. त्या टेबलात आपण मोठ्या काटकसरीने एकच ओळ ठेवली आहे, डिफॉल्ट राउटची. इंटरनेट सुरू होते, आपण खूश होतो, आणि दुपारी कुणीतरी सांगत येते की शेजारच्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही. सापडेल कसा? प्रिंटर दुसऱ्या जाळ्यात, आणि त्याच्याकडे निघालेल्या पॅकेटलाही या टेबलात डिफॉल्टशी जुळणारी वाट मिळाली. मेन टेबलात त्याची खरी, जवळची वाट लिहिलेली होती, पण तिथवर जाण्याची वेळच आली नाही. मग लोक मेनमधल्या सगळ्या जवळच्या नोंदी प्रत्येक टेबलात उतरवून काढतात, आणि पुढे एखादे जाळे वाढले की एका टेबलात ते घालायचे राहूनच जाते.

या दुखण्यावर २०१३ साली, ३.१२ या कर्नलबरोबर, एक उपाय आला. त्याचे नाव लांबलचक आणि रुक्ष आहे: सप्रेस प्रीफिक्सलेंग्थ. आपल्या सगळ्या नियमांच्या आधी एक नियम लिहायचा की मेन टेबल पाहा, पण उत्तर म्हणून शून्य लांबीच्या प्रीफिक्सची नोंद हाती आली तर ती नसल्यासारखी समजा. शून्य लांबीची नोंद म्हणजे डिफॉल्ट राउटच. अर्थात मेनमधल्या सगळ्या नेमक्या, जवळच्या वाटा आधी विचारात घेतल्या जातात. फक्त ‘बाकी सारे जग या दाराने’ म्हणणारी ती एक ढोबळ नोंद बाजूला पडते आणि पॅकेट आपल्या खास नियमांकडे येते. एका शून्याने विशेष आणि सामान्य यांच्यातली सीमारेषा आखली, आणि तीही टेबलाला हात न लावता! वायरगार्डबरोबर मिळणारी ‘डब्ल्यूजी-क्विक’ ही स्क्रिप्ट सारे जग बोगद्यातून न्यायचे असते तेव्हा हीच ओळ लिहिते. मला विचाराल तर या साऱ्या विषयात याहून सुबक ओळ दुसरी नाही.

इथवर एकाच दिशेचा प्रवास झाला. खरी रसाची जागा परतीच्या वाटेवर आहे.

आपल्या पहिल्या लाइनचा पत्ता १९८.५१.१००.१० आणि दुसरीचा २०३.०.११३.१० असे मानू. हे दोन्ही पत्ते उदाहरणे लिहिण्यासाठीच राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, तेव्हा कुणाच्या दारावर थाप पडणार नाही. मेन टेबलातला डिफॉल्ट राउट पहिल्या लाइनचा. आता बाहेरून कुणीतरी दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावर पिंग करतो. पॅकेट दुसऱ्या दाराने येते, यंत्र ते स्वीकारते, उत्तर तयार करते. आपल्याला वाटते उत्तर आल्या वाटेने जाईल. पण कर्नलच्या दृष्टीने उत्तर हे एक नवे पॅकेट आहे. ते कशाचे उत्तर आहे याची स्मृती राउटिंगला नसते. ते गंतव्य पाहते, मेन टेबल पाहते आणि उत्तर पहिल्या दाराने सोडते, अंगावर मात्र दुसऱ्या लाइनचा पत्ता. पहिल्या कंपनीचा राउटर पाहतो की आपल्या ग्राहकाकडून भलत्याच पत्त्याचे पॅकेट आले आहे, आणि ते टाकून देतो. ग्राहकाकडून खोट्या पत्त्यांची पॅकेटे बाहेर जाऊ देऊ नयेत ही शिफारस २००० साली बीसीपी ३८ या दस्तऐवजात नोंदली गेली, तेव्हा कंपनीचे काही चुकले नाही. एक संभाषण, त्याला एक वाट, ही कल्पना आपली आहे. कर्नल प्रत्येक पॅकेटचा निवाडा नव्याने करतो, आणि दोन लाइनींच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ शोधत गेलो तर आपण याच विस्मरणापाशी येऊन पोहोचतो.

साधा उपाय सर्वांना ठाऊक असतो: ‘ज्याचा स्रोत २०३.०.११३.१० त्याच्यासाठी दुसऱ्या लाइनचे टेबल’ असा नियम. बर्ट ह्यूबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लिनक्स राउटिंगच्या प्रसिद्ध हाउटूमध्ये हाच पाठ दिला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रशासकांनी तो गिरवला आहे. राउटर स्वतः उत्तर देतो तोवर तो पाठ पुरतो. पण दुसऱ्या लाइनवर आलेली विनंती पोर्ट फॉरवर्डिंगने आतल्या १९२.१६८.१०.२० या सर्व्हरकडे वळवली, की पाठ अडखळतो. सर्व्हरचे उत्तर राउटरपाशी येते तेव्हा त्याचा स्रोत अजून १९२.१६८.१०.२० हाच असतो. त्या जागी २०३.०.११३.१० हा पत्ता चढतो तो थेट पोस्टराउटिंगमध्ये, म्हणजे वाट ठरून गेल्यानंतर. नियम ज्या पत्त्याची वाट पाहत बसला आहे तो पत्ता पॅकेटने अजून धारणच केलेला नाही! दोन्ही बाजू बरोबर, फक्त क्षण चुकलेला. हा काळाचा खेळ एकदा लक्षात आला की नेटफिल्टरच्या साखळ्यांची ती नेहमीची आकृती कंटाळवाणी वाटेनाशी होते.

जिथे राउटिंगला स्मृती नाही तिथे ती बाहेरून पुरवावी लागते, आणि नेटफिल्टरपाशी ती असते. कनेक्शन ट्रॅकिंग प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते. त्या नोंदीवर कनमार्क नावाची खूण करून ठेवता येते. दुसऱ्या दाराने नवे संभाषण आले की नोंदीवर दोनचा आकडा लिहायचा. आतून उत्तर आले की प्रीराउटिंगमध्ये तो आकडा नोंदीवरून काढून पॅकेटच्या अंगावर मार्क म्हणून उमटवायचा. आणि ‘ज्याचा मार्क दोन त्याच्यासाठी दुसऱ्या लाइनचे टेबल’ असा नियम शून्यानंतरच्या त्या मोकळ्या अंगणात लिहायचा. वाट ठरण्याच्या आधी खूण परत आली पाहिजे, सारे काही त्या एका ‘आधी’वर उभे आहे.

हे सगळे बरोबर बसले की नाही, ते ओळखायचे कसे? इथे लिनक्सचा मोठेपणा असा की ते प्रश्नाचे उत्तर देते. ‘आयपी राउट गेट’ ही आज्ञा अनुमान करत नाही. ती कर्नललाच विचारते की असे पॅकेट आले तर तू काय करशील. मात्र प्रश्न संपूर्ण विचारावा लागतो. नुसते गंतव्य दिले तर राउटरने स्वतः पाठवलेल्या, मार्क नसलेल्या पॅकेटचे उत्तर मिळते, आणि आपली तक्रार असते आतल्या सर्व्हरबद्दलची. म्हणून ‘फ्रॉम’ने स्रोत सांगायचा, ‘आयआयएफ’ने आत शिरण्याचा इंटरफेस सांगायचा, ‘मार्क’ने खूण सांगायची. अर्धा प्रश्न विचारला की त्याचे पूर्ण आणि अचूक उत्तर येते, पण ते आपल्या कामाचे नसते. कित्येकांच्या रात्री त्यात गेल्या आहेत.

त्या उत्तराच्या शेवटी बऱ्याचदा ‘कॅश’ असा एक शब्द एकटाच उभा असतो. आयपीव्ही४ चा राउटिंग कॅश २०१२ साली ३.६ या कर्नलमध्ये डेव्हिड मिलर यांनी काढून टाकला, पण उत्तरातला तो शब्द राहिला आहे. जुन्या प्रशासकांच्या हातांनाही तो आठवतो: काहीही बदलले की ‘फ्लश कॅश’ करायचे, ही सवय तेव्हाची. कॅश होता तेव्हा राउटिंगला अपघाताने थोडी स्मृती मिळाली होती. दोन लाइनींवर भार वाटून देणारा मल्टिपाथ राउट लिहिला तर एका गंतव्याची वाट कॅशमध्ये असेपर्यंत टिकून राही. कॅश गेला आणि एकाच संभाषणातली पॅकेटे दोन्ही दारांनी विखरू लागली. २०१६ च्या आरंभी आलेल्या ४.४ मध्ये पत्त्यांच्या हॅशवरून वाट ठरवण्याची रीत आली, ४.१२ पासून त्या हॅशमध्ये पोर्टही घेता येऊ लागले. लक्षात घ्या, हॅश म्हणजेही स्मृती नव्हेच. दरवेळी नव्याने हिशेब करायचा, पण हिशेब असा निवडायचा की उत्तर दरवेळी तेच यावे. विस्मरणशील गड्याकडून सातत्य मिळवण्याची ही युक्ती मला स्मृतीपेक्षाही अधिक मोहक वाटते.

याहून नाजूक प्रसंग घडतो तो राउटरवरच चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या बाबतीत. आपण ठरवतो की याची पॅकेटे आउटपुट साखळीत मार्क करून दुसऱ्या लाइनने पाठवू. नियम बसतो, टीसीपीडंप लावतो, आणि दिसते की पॅकेट दुसऱ्याच दाराने जाते आहे, अगदी हवे तसे. पण अंगावर पत्ता मात्र पहिल्या लाइनचा. झाले असे की पॅकेटला स्रोतपत्ता देण्यासाठीसुद्धा कर्नलला आधी वाट शोधावी लागते. ती पहिली विचारणा झाली तेव्हा मार्क नव्हता, म्हणून पहिली लाइन ठरली आणि तिचा पत्ता मिळाला. मग आउटपुटमध्ये मार्क लागला, कर्नलने प्रामाणिकपणे वाट पुन्हा विचारली, दार बदलले. पत्ता पुन्हा कुणी विचारला नाही. म्हणून बाहेर पडताना मास्करेड हवेच, किंवा प्रोग्रामलाच दुसऱ्या लाइनच्या पत्त्याशी बांधून टाकावे. ‘यूआयडीरेंज’ने, म्हणजे प्रोग्राम कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्यावरून लिहिलेला नियमही इथे शोभतो, कारण तो पहिल्या विचारणेलाच लागू पडतो.

आणि समजा हेही साधले. पॅकेट योग्य दाराने, योग्य पत्ता घेऊन गेले. टीसीपीडंपमध्ये उत्तर परत आलेलेही दिसते. तरी प्रोग्राम वाट पाहतच राहतो. इथे भलेभले गोंधळतात. पण टीसीपीडंप उंबरठ्यावर उभा असतो. आत येणारे पॅकेट त्याला दिसले म्हणजे ते घरात घेतले गेले असे नव्हे. त्यानंतर आरपी फिल्टर नावाचा पहारेकरी आहे, आणि त्याची तपासणी मोठी चातुर्याची: तो पॅकेट मनातल्या मनात उलटे करतो, गंतव्याला स्रोत आणि स्रोताला गंतव्य मानतो, आणि विचारतो की याला परत पाठवायचे झाले तर मी कोणत्या दाराने पाठवीन? उत्तरात वेगळे दार आले तर पॅकेट टाकून देतो. स्रोतपत्त्यावर बेतलेला नियम या उलट्या प्रश्नालाही लागू पडतो, म्हणून तिथे अडचण येत नाही. मार्कवर बेतलेला नियम पडत नाही, कारण बाहेरून आलेल्या पॅकेटवर मार्क नसतो. आणि प्रीराउटिंगमध्ये तो उमटवला तरी ‘सोर्स व्हॅलिड मार्क’ ही किल्ली चालू केल्याशिवाय पहारेकरी त्याच्याकडे पाहत नाही.

आरपी फिल्टरला तीन किमती असतात: शून्य म्हणजे तपासणी नाही, एक म्हणजे कडक, दोन म्हणजे सैल, सैल म्हणजे कोणत्या का दाराने होईना, परतीची वाट असली की पुरे. एकाहून अधिक लाइन असणाऱ्यांना कडक तपासणी जाचते हे २००४ च्या आरएफसी ३७०४ ने मान्य केले आहे. पण त्यातही एक मेख आहे. प्रत्येक इंटरफेसची किंमत वेगळी आणि ‘ऑल’ची वेगळी, आणि कर्नल त्या दोहोंपैकी मोठी धरतो. तेव्हा इंटरफेसवर शून्य लिहून निश्चिंत बसलेल्या माणसाचे ‘ऑल’मध्ये एक असेल तर तपासणी कडकच राहते. उलट इंटरफेसवर दोन लिहिले तर दोन मोठे असल्यामुळे सैलपणा जिंकतो. लॉगमध्ये मार्शियनांची नोंद चालू केली तर हे सारे ओळीने दिसू लागते. मात्र त्या ओळीत ‘मार्शियन सोर्स’ या शब्दांनंतर येतो तो गंतव्याचा पत्ता, आणि प्रेषकाचा पत्ता ‘फ्रॉम’च्या पुढे असतो. हे कुणाला सुचले कोण जाणे! ‘आयपी राउट गेट’ला आयआयएफसकट विचारले आणि ‘इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक’ असे तिरसट उत्तर आले, तर तोही याच पहारेकऱ्याचा आवाज आहे.

एक प्रयोग सगळे सुरळीत चालू असताना मुद्दाम करून पाहावा. दुसऱ्या लाइनचा इंटरफेस खाली करा आणि पुन्हा वर आणा. खाली जाताना त्याच्यावरून जाणारे राउट प्रत्येक टेबलातून पुसले जातात. नियम मात्र जागच्या जागी राहतात. वर आल्यावर जवळच्या जाळ्याची नोंद मेनमध्ये परत येते, पण आपल्या खास टेबलातला डिफॉल्ट राउट आपणहून येत नाही. नियम आता रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवतो, पॅकेट उदारपणे खाली घसरते, आणि पुन्हा पहिल्या दाराने दुसऱ्याचा पत्ता घेऊन निघते. ‘काल रात्रीपर्यंत चालत होते’ या तक्रारीचा उगम पुष्कळदा इथे असतो, आणि ती ऐकली की आधी ‘आयपी राउट शो टेबल’ म्हणून आपल्या टेबलात काही उरले आहे का ते पाहावे. राउट पुन्हा घालण्याचे काम इंटरफेस वर येताना चालणाऱ्या स्क्रिप्टकडे किंवा नेटवर्क मॅनेजरकडे सोपवलेले हवे.

लाइन खरोखर गेली आणि पॅकेटे दुसरीकडून निघू लागली तरी चालू संभाषणांच्या नोंदींत जुना पत्ताच कोरलेला असतो. मास्करेडने लिहिलेल्या नोंदी इंटरफेस खाली जाताच कर्नल स्वतः विसरतो. एसनॅटने लिहिलेल्या नोंदी टिकतात, आणि लाइन बदलूनही ते संभाषण जुना पत्ता सांगत राहते. स्थिर पत्ता असला की एसनॅट वापरावे हा सल्ला एरवी योग्यच आहे. पण दोन लाइनींच्या घरात तो पाळला तर लाइन बदलताना ‘कनट्रॅक’च्या आज्ञेने त्या लाइनच्या नोंदी आपल्याला हाताने पुसाव्या लागतात. आणि इंटरफेस खाली गेलाच नाही, मोडेमचा दिवा हिरवाच राहिला आणि पलीकडचे जग तेवढे तुटले, तर कर्नलला काही कळत नाही. तिथे दर काही सेकंदांनी बाहेर पिंग करणारी स्क्रिप्ट लागते. आणि ती पिंग त्या-त्या लाइनच्या पत्त्याशी बांधलेली नसेल तर दोन्ही पिंग जिवंत लाइनने जातात आणि मेलेली लाइनही चालू असल्याचे सांगत राहतात.